तीन नंबरचा बावटा

देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत
अकरा वर्षं मी माणसांच्या छातीवर
थंड जेली लावते.
श्वास रोखू नका म्हटलं, की सगळे रोखतात.

लवू जुवाटकर रोखायचा नाही.
तो गप्पा मारायचा.
तारामुंबरीचा, तीस वर्षं तांडेल,
छातीवरचे केस पांढरे, मिठाने राठ,
चकत्या चिकटायच्याच नाहीत.
मी वस्तरा काढला की म्हणायचा,
‘सगळे नको गे काढू, बायल वळखूची नाय.’

त्याला एकदा येऊन गेला होता, गेल्या नारळी पौर्णिमेच्या आधी.
कोल्हापुरात स्प्रिंग बसवून आला.
पंप सत्तावीस टक्के.
डॉक्टर म्हणाले, पस्तिसाच्या खाली म्हणजे
हृदय कधीही भरकटू शकतं,
कातडीखाली एक डबी बसवू,
भरकटलं की ती धक्का देऊन वाटेवर आणेल.
लवू म्हणाला, ‘सत्तावीस घोड्यांचा इंजिन घेवन
माझो बापूस गोंयापर्यंत जाय.’

डबीची किंमत ऐकून मात्र काही बोलला नाही.
शर्टाची बटणं लावली, चुकीची,
सोडली, पुन्हा लावली.

योजनेच्या अर्जाला एक कागद कमी पडत होता.
नेहमी एकच कमी पडतो.

माझ्या वहीत अशांच्या नावापुढे लाल टिंब असतं.
ज्यांना झटका येऊन गेलाय, ज्यांचा पंप दमलाय,
जे भर बाजारात कोसळून, काही झालंच नाही असे उठलेत,
ज्यांच्या घरात कोणी तरणंताठं झोपेतच गेलंय.
शंभरात किती, हे डॉक्टरांना सांगता येतं.
कोण, ते नाही.

मी लवूला म्हटलं, बंदरावर बावटा लागतो ना,
तीन नंबरचा, तसं समज.
तो हसला.
‘बावटो लागलो म्हणान वादळ येताच असा काय नाय, बाय.
चार दिवस होडये वर ओढून बसताव,
आणि दर्या कसो? बशीतल्या चायसारखो.’
खरं होतं ते.
माझे वडीलही बावट्याला शिव्या घालायचे.

त्या मंगळवारी सकाळी त्याची पट्टी काढली.
सरळ, नीट, बारीक टाक्यांनी शिवल्यासारखी.
मी म्हटलं, ‘चांगली आहे.’
मीच म्हटलं.

दुपारी तो पडवीत जाळं सांधत बसला होता.
कोणी तरी बांगड्याचा भाव विचारला.
म्हणाला, ‘कालच्यापक्षा—’
आणि सुई बोटांत तशीच राहिली.
खाडीवर वारासुद्धा नव्हता.

आमच्या खाऱ्या, दमट हवेत
पट्टीवरच्या रेघा वर्ष-दीड वर्षात उडून जातात.
त्या मंगळवारच्या पट्टीची मी झेरॉक्स काढून ठेवलीय.
कशाला, ते विचारू नका.

आज शेवंती मुलाला घेऊन आली.
तिचे थोरले दीरही असेच गेलेले,
अडतिसाव्या वर्षी, गुडघाभर पाण्यात पाग टाकताना.
मासळीच्या पिशवीत फाईल, फाईलला बांगड्याचा वास.
ती काही विचारत नाही. मशीनकडे बघत राहते,
कालच्यापेक्षा कमी की जास्त
ते तेच सांगणार असल्यासारखी.

साईप्रसाद, वय तेवीस.
वस्तऱ्याची गरज नाही.
जेली लागताच गुदगुल्या होऊन हसला,
आणि कागदावर साऱ्या रेघा एकदम उधाणल्या.
शेवंतीने माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत.

काही नाही गं, हसला तो.
हसलं की असंच उमटतं.
पुन्हा काढू.

हसू नकोस, बाबा.
श्वासही रोखू नकोस.
नुसता पडून राहा.